आंतरपिकांसाठी वाणांची निवड : ज्वारी व तूर

एकाच शेतात, एकाच हंगामात दोन किंवा अधिक पिके ओळींचे ठराविक प्रमाण ठेवून घेण्याच्या पद्धतीस आंतरपीक पद्धती म्हणतात. निरनिराळ्या पिकांचे बी एकत्र मिसळून पेरल्यास त्यास मिश्र पीक असे म्हणतात. व्यवहारात या दोहोंतील सीमारेषा काटेकोर नसते. तृणधान्याबरोबर कोणते दुसरे पीक घ्यावे याविषयीचे ज्ञान फार जुने आहे. परंतु त्या पिकांचे नेमके कोणते वाण एकमेकांच्या शेजारी चांगले येतात, हा प्रश्न संशोधन केंद्रांतून पद्धतशीरपणे विचारला जाऊ लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. दख्खनच्या पठारावरील खरीप ज्वारी व तूर ही जोडी या प्रश्नाचे सर्वांत बारकाईने अभ्यासले गेलेले उदाहरण होय. या जोडीचा इतिहास पाहिला म्हणजे प्रत्येक पीक स्वतंत्रपणे सुधारले गेले असता त्यांची जोडी आपोआप सुधारते असे नाही, हे ध्यानी येते.

मराठवाडा, विदर्भ, तेलंगण व उत्तर कर्नाटक या भागांतील काळ्या जमिनीत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस पडतो आणि त्यानंतर जमिनीच्या खोल थरांत मुरलेली ओल दोन-तीन महिने टिकते. पावसाच्या काळात वाढणारे एक पीक आणि पाऊस संपल्यावर ओलीवर पोसणारे दुसरे पीक अशी योजना येथे स्वाभाविक ठरते. पारंपरिक पेरणी तिफणीने किंवा पाभरीने होई. चाड्यावर मूठ धरणारी व्यक्ती ज्वारीचे बी नळ्यांतून सोडीत असे. तुरीसाठी मोघण, म्हणजे दोरीने मागे बांधलेली वेगळी नळी, वापरीत. काही ठिकाणी ठराविक ओळींनंतर एका नळीत ज्वारीऐवजी तूर सोडली जाई. यामुळे तुरीच्या ओळी एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर पडत आणि पुढे कोळपणीही अडत नसे. ज्वारीच्या बियांत मूग, उडीद, तीळ वा अंबाडी यांची थोडी मिसळ करण्याचाही प्रघात होता. हलक्या जमिनीत ज्वारीची जागा बाजरी घेई. रब्बी ज्वारीत किंवा तिच्या कडेने करडईच्या ओळी असत. करडईच्या काट्यांमुळे जनावरांपासून पिकाचे संरक्षणही होई.

या जोडीतील ज्वारीचे जुने स्थानिक वाण उंच, पुरुषभर उंचीहूनही कितीतरी वर जाणारे आणि पक्व होण्यास सु. पाच महिने घेणारे होते. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ते फुलावर येत नसत. या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात. त्यामुळे पेरणी आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाली, तरी कणसे पाऊस ओसरण्याच्या सुमारासच बाहेर पडत व दाणे कोरड्या हवेत भरत. तूर त्याहूनही उशिरा, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, काढणीस येई. दोन्ही पिकांच्या काढणीत अंतर होते, पण ते फार मोठे नव्हते. उंच ज्वारीच्या सावलीत तूर दीर्घकाळ दबलेली राही. तरीही शेतकरी ती पेरीत असे, कारण कुटुंबाला डाळ लागे, तुऱ्हाट्यांचा जळण व कुडासाठी उपयोग होई आणि ज्वारीने दगा दिला तर तूर हाती राही. ज्वारीकडून त्याला धान्याइतकाच कडबा हवा असे. वाणाची निवड करताना केवळ दाण्याचे उत्पन्न विचारात घेणे त्याला परवडणारे नव्हते.

ब्रिटिश अमदानीतील लेखकांनी या पद्धतीची नोंद वेळोवेळी केलेली आढळते. फ्रान्सिस बुकॅनन यांच्या १८००–०१ मधील म्हैसूर प्रदेशाच्या प्रवासवृत्तात नाचणीच्या शेतातील कडधान्यांच्या ओळींचे वर्णन आहे. इंग्लंडमधील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना भारत सरकारने १८८९ मध्ये पाचारण केले. त्यांच्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या पिकांच्या फेरपालटीचा व मिश्र पिकांचा उल्लेख आदराने केलेला आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतून आणि जेम्स मॉलिसन यांच्या १९०१ च्या भारतीय शेतीवरील पाठ्यपुस्तकातूनही ज्वारी-बाजरीबरोबरच्या तुरीची माहिती मिळते. मात्र ही सारी वर्णने पिकांची आहेत, वाणांची नव्हेत. म्हैसूर संस्थानातील शेतीचे अनुभवी अधिकारी ए. के. यज्ञनारायण अय्यर यांनी १९४९ मध्ये भारतातील मिश्र पिकांवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. विखुरलेली माहिती एकत्र आणणारा तो पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल.

दरम्यान पीक-सुधारणेचे काम वेगळ्या दिशेने चालले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शुद्ध वंशक्रम निवडण्याची पद्धत रूढ झाली. स्थानिक वाणांच्या गर्दीतून चांगली झाडे निवडून त्यांची संतती स्वतंत्र वाढवावयाची, तर परीक्षणाचे वाफे एकाच पिकाचे असणे सोयीचे होते. मोहोळ येथे निवडला गेलेला मालदांडी ३५–१ हा रब्बी ज्वारीचा वाण या पद्धतीचे गाजलेले फळ आहे; आज आठ दशकांनंतरही तो लोकांच्या पसंतीस उतरतो. १९३३ पासून सोलापूर येथे सुरू झालेल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनातही भर होता तो मशागत, ओल राखणे व विरळ पेरणी यांवर. सलग पिकाचा वाफा ही अशा रीतीने प्रयोगाची सोय होती. हळूहळू तीच गुणवत्तेची कसोटी बनली आणि तिच्याकडे कोणी फारसे संशयाने पाहिले नाही.

संकरित ज्वारी : १९६४ मध्ये सी. एस्. एच्.–१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतात प्रसारित झाला. तो बुटका, सु. दीड मीटर उंचीचा व जेमतेम शंभर दिवसांत पक्व होणारा होता आणि खताला चांगला प्रतिसाद देई. त्याची शिफारस दाट पेरणी व भरपूर नत्र यांसह सलग पिकासाठी करण्यात आली. मिश्र पीक हे मागासलेल्या शेतीचे लक्षण होय, अशी समजूत त्या काळी विस्तार यंत्रणेत बरीच दृढ होती. शेतकऱ्यांचा अनुभव मात्र संमिश्र होता. उत्पन्न वाढले यात शंका नाही. परंतु दीप्तिकालाची फारशी पर्वा न करता ठराविक दिवसांत फुलणारे हे वाण सप्टेंबरच्या पावसात सापडले की कणसांवर बुरशी वाढून दाणे काळे पडत व बाजारात भाव उतरे. कडबाही कमी मिळे. यानंतरच्या सी. एस्. एच्.–५, सी. एस्. एच्.–६ व सी. एस्. एच्.–९ या संकरांत यांपैकी काही दोष थोडेबहुत दूर झाले, पण पावसात सापडणाऱ्या लवकर वाणांची बुरशीची अडचण पूर्णपणे कधीच सुटली नाही.

तुरीच्या दृष्टीने मात्र या बुटक्या, लवकरच्या ज्वारीने कोणी न योजलेला लाभ करून दिला. ज्वारी सप्टेंबरअखेर वा ऑक्टोबरच्या आरंभी शेतातून निघून जाऊ लागली आणि सहा महिन्यांच्या तुरीला पुढचे सु. ८० दिवस मोकळे मिळाले. एन्. जी. पी. राव व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात नव्या संकरित ज्वारीभोवती आंतरपीक पद्धतीची फेरमांडणी करावी असा आग्रह धरला. १९७० मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पाच्या सोलापूर, अकोला, हैदराबाद इ. केंद्रांतही या जोडीचे प्रयोग झाले.

सुसंगतीची कारणे : हैदराबादजवळील पटनचेरू येथे १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्ण कटिबंधीय पीक संशोधन संस्था (इक्रिसॅट) स्थापन झाली. तेथे आर्. डब्ल्यू. विली, एम्. नटराजन, एम्. आर्. राव प्रभृतींनी या जोडीची वाढ अंकुरण्यापासून काढणीपर्यंत मोजली. तुरीचे रोप पहिले दीड-दोन महिने अतिशय मंद वाढते. या काळात सलग तुरीच्या शेतात सूर्यप्रकाशाचा मोठा भाग उघड्या जमिनीवर वाया जातो. ज्वारी तोच प्रकाश वापरते. ज्वारी निघाली की तुरीच्या फांद्या मोकळ्या जागेत पसरतात व खोल गेलेली मुळे खालच्या थरातील ओल उचलतात. म्हणजे दोन्ही पिके एकाच जमिनीवर असली, तरी त्यांची निकड वेगवेगळ्या वेळी येते. यापेक्षाही लक्षणीय बाब अशी की, आंतरपिकातील तुरीच्या एकूण वाढीच्या मानाने दाण्याचे प्रमाण सलग तुरीपेक्षा अधिक भरले. सलग तूर पावसाळ्यात पाला व लाकूड फार करते; ज्वारीच्या दाबामुळे तिची ही उधळपट्टी आटोक्यात राहते. ज्याला आजवर केवळ तोटा समजले जात होते, त्या सावलीचा काही अंशी उपयोगही होत होता. तुरीच्या मुळांवरील गाठींतून ज्वारीला नत्र मिळतो हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले, तरी त्याच हंगामात मिळणारा असा लाभ थोडाच असतो. त्याचा उपयोग मुख्यतः पुढील पिकास होतो.

या लाभाचे मापन भूमि-समतुल्यता गुणोत्तराने करतात. आंतरपिकातून मिळालेले प्रत्येक पिकाचे उत्पन्न त्याच्या सलग पिकाच्या उत्पन्नाच्या कितव्या भागाइतके आहे, हे काढून त्यांची बेरीज केली म्हणजे हे गुणोत्तर मिळते. ज्वारीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ अशी मांडणी व दोन्ही पिकांच्या रोपांची पुरेशी संख्या ठेवल्यास ज्वारीचे उत्पन्न सलग पिकाच्या सु. नऊ-दशांश व तुरीचे निम्म्यापासून सु. दोन-तृतीयांशापर्यंत मिळते, असे पटनचेरूच्या प्रयोगांत आढळले. बेरीज दीडच्या आसपास जाते. याचा अर्थ असा की, दोन्ही पिके वेगवेगळी घेऊन तेवढेच उत्पन्न काढण्यास एका हेक्टरऐवजी सु. दीड हेक्टर जमीन लागली असती. जानेवारी १९७९ मध्ये हैदराबाद येथे आंतरपीक पद्धतीवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, तेव्हा चर्चेचा बराचसा भाग या मापनाभोवतीच फिरला.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने सरासरीपेक्षा वाईट वर्षाचा हिशेब अधिक मोलाचा असतो. एम्. आर्. राव व विली यांनी १९८० मध्ये ज्वारी-तुरीच्या ९४ प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. उत्पन्नाच्या एका विशिष्ट किमान पातळीच्या खाली घसरणे म्हणजे पीक बुडणे असे धरले, तर सलग तूर पाचांतून एकदा, सलग ज्वारी आठांतून एकदा, पण आंतरपीक छत्तिसांतून एकदाच बुडते असे त्यांना आढळले. हे प्रयोग एकाच शेतातील सलग वर्षांचे नव्हते व त्यांतील मशागत प्रक्षेत्रावरील होती, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचावयास हवेत. तरीही १९७२ च्या दुष्काळाची झळ ताजी असलेल्या महाराष्ट्रात या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती. मर रोगाबाबतही एक जुना अनुभव प्रयोगाने सिद्ध झाला : ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर सलग तुरीपेक्षा कमी आढळते. शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या बाबतीत मात्र असा भरवशाचा लाभ दिसून आला नाही.

पश्चिम आफ्रिकेतील समांतर उदाहरण या संदर्भात उपयुक्त आहे. उत्तर नायजेरियात तृणधान्याच्या जोडीला तृणधान्यच असते. तेथील शेतकरी पहिल्या पावसावर सु. तीन महिन्यांत येणारी बाजरी आणि तिच्याबरोबर पावसाळा संपल्यावर पिकणारी उंच ज्वारी घेतो. झारिया परिसरात डी. डब्ल्यू. नॉर्मन यांनी केलेल्या पाहणीत लागवडीखालील बहुतांश जमीन मिश्र पिकांखाली आढळली. जवळच्या समारू केंद्रावर डी. जे. अँड्र्यूज यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही पक्वतेच्या काळातील अंतर हेच या पद्धतीच्या यशाचे गमक ठरले. दोन्ही पिके एकाच कुलातील असूनही त्यांची जोडी जमते, ती या अंतरामुळे. अँड्र्यूज पुढे पटनचेरू येथे बाजरीच्या संशोधनासाठी आले.

वाणांच्या परीक्षणाचा प्रश्न : सलग वाफ्यात पहिला आलेला वाण आंतरपिकातही पहिला येईल का, हा खरा वादाचा मुद्दा होता. ज्वारीच्या बाबतीत उत्तर बरेचसे होकारार्थी आले, कारण ती या जोडीतील जोरकस पीक आहे व शेजारच्या तुरीमुळे तिचे फारसे बिघडत नाही. तुरीचे तसे नाही. दबून राहिलेल्या, पण नंतर झपाट्याने फांद्या फोडणाऱ्या झाडाची परीक्षा सलग वाफ्यात होतच नाही. आटोपशीर, सरळ वाढणारी तूर सलग पेरणीत दाट लावता येते व उत्तम उतरते. ज्वारी गेल्यानंतर रिकाम्या झालेल्या रुंद पट्ट्यात मात्र तिच्यापेक्षा पसरट वाढीची तूर सरस ठरू शकते. म्हणून तुरीची निवड निदान शेवटच्या टप्प्यांत ज्वारीच्या सोबतीनेच करावी, असे मत पुढे आले. ते तत्त्वतः बहुतेकांना मान्य होते. आचरणात अडचणी पुष्कळ होत्या. प्रत्येक तुरीची प्रत्येक ज्वारीशी जोडी लावून पाहावयाची, तर दहा-दहा वाण घेतले तरी शंभर जोड्या होतात आणि ओळींचे प्रमाण, रोपांची संख्या व जमिनीचा प्रकार बदलला की त्यांत आणखी भर पडते. शिवाय ज्वारी व तूर यांचे प्रजनन करणारे विभाग वेगळे, त्यांचे प्रकल्प व वार्षिक बैठकाही वेगळ्या. दोन पिकांच्या सीमेवरचा हा प्रश्न बहुधा पीकशास्त्रज्ञांकडे सोपविला जाई आणि त्यांच्या हाती येत ते आधीच तयार झालेले वाण.

याचा परिणाम तुरीच्या लवकर वाणांत स्पष्ट दिसतो. उत्तर भारतात टी–२१ (१९६१) व पंतनगरचा यूपास–१२० (१९७६) यांसारखे वाण नोव्हेंबरपर्यंत शेत मोकळे करून गव्हाला जागा देण्यासाठी काढले गेले. तेथील ओलिताच्या शेतीत हा हेतू रास्तच होता. पुढे १९८६ मध्ये दक्षिण भारतासाठी आय्. सी. पी. एल्.–८७ अथवा ‘प्रगती’ हा लवकर वाण आला. शंभर दिवसांच्या ज्वारीशेजारी अशी सु. चार महिन्यांची तूर पेरली की दोघींची निकड एकाच वेळी येते. तूर ज्वारीच्या दाबाखाली असतानाच फुलावर येते व सावरण्यास तिला वेळ उरत नाही. ज्वारीचा कालावधी कमी केल्याने जोडीला जे मिळाले, ते तुरीचा कालावधी तितकाच कमी केल्यास हातचे जाते. अर्थात लांब मुदतीची तूर सर्वत्र चालेल असेही नव्हे. मुरमाड, उथळ जमिनीत नोव्हेंबरनंतर ओलच उरत नाही. तेथे मध्यम मुदतीतील त्यातल्या त्यात लवकर येणारा वाण घ्यावा लागतो. काळ्या खोल जमिनीसाठी मात्र सु. १६० ते १८० दिवसांचे वाणच योग्य ठरले. बदनापूर येथील संशोधन केंद्राचे वाण आणि १९९३ मध्ये प्रसारित झालेला, मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक असलेला आय्. सी. पी. एल्.–८७११९ अथवा ‘आशा’ हे या गटातील होत. रोगप्रतिकारामुळे सलग तुरीतील मोठा धोका कमी झाला. त्याबरोबर ज्वारीच्या सोबतीचे एक कारणही काहीसे मागे पडले.

ही सारी माहिती हाती येईपर्यंत जोडीतील ज्वारीच शेतातून हटू लागली होती. काळ्या पडणाऱ्या दाण्याला मिळणारा कमी भाव, गहू-तांदळाकडे वळलेला आहार व तेलबियांना आलेली मागणी यांमुळे १९९० नंतर विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने घटले व तिची जागा सोयाबीनने घेतली. तूर मात्र टिकून राहिली. १९९४ मध्ये प्रसारित झालेला जे. एस्.–३३५ व परभणीचा एम्. ए. यू. एस्.–७१ हे सोयाबीनचे वाण सु. शंभर दिवसांत निघतात आणि बुटके असल्याने तुरीवर सावली करीत नाहीत. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी ही मांडणी या भागात सर्वपरिचित झाली आहे. सी. एस्. एच्.–१ ने नकळत मोकळी केलेली ऑक्टोबरनंतरची जागा या नव्या जोडीतही तुरीलाच मिळते. ज्वारीचा कडबा मात्र सोयाबीन देत नाही, आणि जनावरे पाळणाऱ्या कुटुंबांना त्याची उणीव भासते. भरडधान्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या (२०२३) निमित्ताने ज्वारीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. परंतु वाण प्रसारित होण्यापूर्वीच्या समन्वित चाचण्या अद्यापही मुख्यतः सलग पिकाच्याच वाफ्यांत घेतल्या जातात.